जाताना सव्वाअकरा, येताना पावणेदहा तास

आमच्या मास्तरांना सहसा राग येत नाही. गिऱ्हाईक चार वेळा ट्रायलला येऊन पाचव्यांदा ‘खिसा जरा वर घेता का’ म्हणालं तरी हे हसतात. ऐन गर्दीत मशीनचा पट्टा तुटला तरी हसतात. मी डोक्यात राख घालून घेते तेव्हा तर जास्तच हसतात, आणि मग माझा पारा आणखी चढतो. पण एका वस्तूची दोन मापं कोणी सांगितली की संपलं. ‘आधी नक्की काय ते ठरवा, मग या,’ म्हणून माणसाला दारातून परत पाठवतील.

मास्तर म्हणजे माझा नवरा. शिवणकामाच्या दुकानात कापणाऱ्याला मास्तर म्हणतात, म्हणून अख्खी गल्ली त्यांना मास्तर म्हणते आणि लग्नाला एकतीस वर्षं झाली तरी मीही तेच म्हणते. ते कापतात, मी शिवते. खाली दुकान, वर घर. कोट ही आमची खासियत.

आमची एकुलती एक लेक बारकी. नावालाच बारकी, उंची अशी की बापाच्या डोक्यावरून पलीकडचं बघते. ती एका मोठ्या हॉस्पिटलात पेशंटच्या हातापायांचे व्यायाम करून घेते. सहा वर्षांपूर्वी नोकरीसाठी लांबच्या शहरात गेली आणि तिथं एका बेकरीवाल्याशी तिचं जमलं. मुलगा गुणी आहे, मला फोनवर आवडला. लग्नाची तारीख ठरली तेव्हा तिनं दोनच गोष्टी मागितल्या. एक, आम्ही दोघांनी पंधरा दिवस आधी यायचं. आणि दुसरी, नवऱ्यामुलाचा कोट बाबांनी तिथं, त्याला समोर उभा करून कापायचा. माझं म्हणाल तर मला एकच गोष्ट हवी होती. लेकीच्या लग्नात तिचा बाप तिच्या शेजारी उभा असलेला मला बघायचा होता. एकटीनं जाऊन, ‘त्यांना बरं नव्हतं हो’ असं चार लोकांना सांगत फिरायचं मला नव्हतं.

बारकीनं तिकिटं फोनवर पाठवली आणि रस्त्यापलीकडच्या तिकीटवाल्यानं ती कागदावर छापून दिली. मास्तरांनी चष्मा लावला, कापायच्या टेबलावर कागद सपाट केला आणि गिऱ्हाइकाच्या मापाची चिठ्ठी वाचावी तसा वाचायला घेतला.

‘सकाळी नऊला निघतं, दुपारी सव्वाबाराला पोचतं. सव्वातीन तास!’ त्यांचा चेहरा खुलला. ‘अगं, एवढं जवळ आहे तर पोरगी सहा वर्षांत चारदाच का आली?’

मग त्यांनी पान उलटलं. परत येताना विमान दुपारी दोनला निघत होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला इथं उतरत होतं. मास्तरांनी बोटांवर मोजलं, मग पुन्हा मोजलं.

‘पावणेअठरा तास. जायला सव्वातीन आणि यायला पावणेअठरा? हे तिकीट आहे की थट्टा?’

मलाही ते काही नीट सुधरेना, पण मी तसं दाखवलं नाही. आम्ही दोघं रस्ता ओलांडून तिकीटवाल्याकडे गेलो. तिकीटवाला माणूस सज्जन आहे, फक्त त्याला वाटतं की जरा मोठ्यानं बोललं की समोरच्याला लवकर कळतं.

‘मास्तर, तिथलं घड्याळ आपल्या आठ तास मागे!’ तो ओरडला. ‘तुम्ही नऊला निघाल तेव्हा तिथं रात्रीचा एक वाजलेला असतो! जाताना लागतात सव्वाअकरा तास आणि येताना पावणेदहा!’

मास्तरांनी तिथल्याच कागदावर बेरीज-वजाबाकी केली. हिशेब जुळला. माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

‘मग मधला दीड तास गेला कुठं?’

‘वारा असतो, मास्तर! वर फार जोराचा वारा वाहतो, एकाच दिशेनं! जाताना तो समोरून येतो, येताना पाठीमागून ढकलतो!’

‘दीड तासाचा वारा?’ मास्तर म्हणाले. ‘मी सायकलवर रोज वाऱ्यातून जातो. दीड मिनिटाचाही फरक पडत नाही.’

दुकानात परत आलो. मग कात्री हातात घेऊन, माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘ज्या माणसाला एका रस्त्याचं एक माप सांगता येत नाही, त्याच्या विमानात मी बसणार नाही. तू जा.’

‘तू जा’ म्हणताना त्यांचा आवाज अगदी शांत होता, म्हणून मला जास्त भीती वाटली. लग्नाला तेहेतीस दिवस होते, म्हणजे विमानाला अठरा.

त्यानंतरचे चार दिवस आमच्या दुकानात कोट कमी आणि भूगोल जास्त झाला. मास्तरांनी स्टेशनरीच्या दुकानातून जगाचा नकाशा आणला आणि कापायच्या टेबलावर पसरून चारी कोपऱ्यांवर इस्त्री, कात्री, डबा आणि माझा चहाचा कप ठेवला. दोन शहरांच्या मध्ये टेप ताणला. खालच्या कोपऱ्यातली पट्टी बघून इंचाचे किलोमीटर केले. आले नऊ हजार नऊशे. तिकीटवाल्याच्या कागदावर होते आठ हजार तीनशे.

‘सोळाशे किलोमीटर खाल्ले!’ मास्तर म्हणाले.

‘कोणी खाल्ले?’

‘मला काय माहीत कोणी? पण खाल्ले.’

वर आणखी भर म्हणून बारकीनं विमानाच्या वाटेचं चित्र पाठवलं. रेघ सरळ जायची सोडून नकाशात वरच्या बर्फाकडे चढत होती आणि मोठा वळसा घालून खाली उतरत होती. झालं, मास्तरांना आयतं कोलीत मिळालं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते फोन दाखवायला लागले. ‘बघा, वाकडं जातात आणि वर म्हणतात अंतर कमी! शेंडी लावायलाही काही मर्यादा असते की नाही?’ गिऱ्हाइकंही मान हलवायची. कोट घ्यायला आलेला माणूस मास्तरांशी वाद कशाला घालेल?

मला वाटलं, विमानाची भीती वाटतेय. पन्नाशी उलटलेला माणूस, कधी जमीन सोडली नाही, ‘भीती वाटते’ म्हणायला जीभ उचलत नाही, म्हणून सगळा राग मापावर. मी ठरवलं की यांचा एकेक बहाणा काढून घ्यायचा. शेवटी हातात काही उरलं नाही की बसतील गुपचूप विमानात.

पहिला बहाणा मखमलीनं काढला. एका गृहस्थाचं मखमली जाकीट शिवायला आलं होतं. मी ते कापड टेबलावर टाकलं आणि म्हटलं, ‘मास्तर, हात फिरवा.’

‘कशाला?’

‘फिरवा म्हटलं ना. आता उलट्या बाजूनं फिरवा.’

एका बाजूनं हात सुळकन गेला. उलट बाजूनं तंतू उभे राहिले आणि हात अडखळला.

‘कापडाची लांबी बदलली का?’ मी विचारलं. ‘नाही ना? तेवढंच कापड. पण एका बाजूनं हात लवकर जातो, दुसऱ्या बाजूनं वेळ लागतो. तसा तो वारा. तिकीटवाला बिचारा ओरडून ओरडून तेच सांगत होता.’

मास्तरांनी तीन-चारदा हात फिरवला. ‘हं,’ म्हणाले. त्यांच्या ‘हं’ ची किंमत मला माहीत आहे. पण लगेच टेप उचलून म्हणाले, ‘आणि सोळाशे किलोमीटर?’

दुसरा बहाणा काढायला मला भूगोलाच्या बाई सापडल्या. कोपऱ्यावरच्या शाळेत शिकवतात, त्यांचा कोट आमच्याकडेच होतो. मी ट्रायलच्या वेळी त्यांच्या कानावर घातलं, तर दुसऱ्या दिवशी दुपारी बाई शाळेचा पृथ्वीचा गोल काखेत मारून हजर. मी दोऱ्याचं रीळ घेतलं. एक टोक आमच्या शहरावर धरलं, दुसरं बारकीच्या शहरावर, आणि दोरा ताणला. दोरा आपोआप सरकला आणि वर गेला, बरोबर त्या बर्फाच्या अंगानं. मी मुद्दाम त्याला खाली ओढून नकाशातल्या सरळ वाटेवर आणला, तर दोरा पुरेना.

मास्तर गोलाकडे बघत राहिले. मग बाईंच्या कोटाच्या खांद्याकडे बघितलं. मग एकदम टेबलावर थाप मारली.

‘टक्स!’

बाई दचकल्या.

‘अहो बाई, सपाट कापड गोल अंगावर कधी बसत नाही. छातीशी, कमरेशी चिमटा घेऊन शिवावं लागतं, त्याला टक्स म्हणतात. हा नकाशा म्हणजे गोल अंगावरचं कापड टक्स उसवून सपाट केलेलं. वरच्या अंगाला कापड ताणलंय सगळं! आणि मी मूर्ख त्याच्यावर टेप लावून बसलो!’

पुढची दहा मिनिटं त्यांनी बाईंनाच भूगोल शिकवला. बाई हसत हसत ऐकत होत्या. मला वाटलं, जिंकलं. आता बॅग भरायला घ्यावी.

बाई गेल्या, तसे मास्तर स्टुलावर बसले. गोल तिथंच टेबलावर होता. बाई म्हणाल्या होत्या, ठेवा दोन दिवस.

‘आता तर सगळी मापं जुळली,’ मी म्हटलं. ‘आता काय अडलंय?’

त्यांनी तो गोल बोटानं हळूच फिरवला.

इथं मला एक गोष्ट सांगायला हवी, जी मी वर्षभर कोणालाच सांगितली नव्हती. मास्तरांचा उजवा हात थरथरायला लागला होता. फार नाही. कात्री धरली तर काहीच कळत नाही, आमची बारा इंची कात्री लोखंडाची, जड. पण खडूचा तुकडा धरला, टेपचं टोक धरलं की बोटं हलायची. खडूची रेघ पाण्यात बुडवलेल्या काठीसारखी वाकडी यायची. मला पहिल्यांदा कळलं ते शिवताना एक कोट दोन्ही बाजूंनी सारखा येईना तेव्हा. रात्री मास्तर दुसऱ्या दिवसाच्या कापडांवर खुणा करून ठेवायचे आणि सकाळी साडेसहाला फिरायला जायचे. ते बाहेर पडले की मी खाली उतरायचे, ब्रशनं त्यांच्या रेघा झटकायचे, मापाची वही उघडून नव्या रेघा मारायचे, आणि ते यायच्या आत वर जाऊन चहा ठेवायचे. ते येऊन माझ्या रेघांवर कापायचे. वर्षभर एकही कोट बिघडला नाही. त्यांना कळलेलं नाही, आणि कळूही द्यायचं नाही, असं माझं चाललं होतं.

‘मला माहीत आहे,’ मास्तर म्हणाले.

‘काय माहीत आहे?’

‘साडेसहाला तू खाली येतेस ते.’

माझ्या हातातलं रीळ खाली पडलं आणि मशीनखाली घरंगळत गेलं.

‘तुझी रेघ मला ओळखू येणार नाही होय? तू खडू टेकवतेस तिथं जाड ठिपका पडतो. पहिल्या दिवसापासून पडतो.’

‘मग बोलला का नाहीत?’

‘तू बोलली नाहीस म्हणून.’

एका छपराखाली दोन माणसं, दोघांनाही सगळं माहीत, आणि वर्षभर दोघं एकमेकांना साखर घालून चहा देतायत.

‘इथं निभतं गं,’ मास्तर म्हणाले. ‘इथं सकाळ आपली आहे. मला फिरायला रस्ता आहे, तुला खाली रिकामं दुकान आहे. तिथं दोन खोल्यांचं घर. जावई समोर हात पसरून उभा, पोरगी शेजारी. तिथं मी फिरायला जाणार कधी आणि तू रेघा झटकणार कधी? आणि ती बसलीय दिवसभर लोकांचे हातपाय तपासत. मी टेप काढला की तिला एका क्षणात कळेल. मी फोनवर हात खिशात घालून बोलतो, तुला काय वाटलं, ऐटीत बोलतो?’

मला त्यांचा इतका राग आला, आणि इतकं भरून आलं, की दोन्ही एकदम बाहेर पडलं. ‘हे एका वाक्यात सांगता आलं असतं की! त्यासाठी जगाचा नकाशा कशाला विकत आणायचा? त्या तिकीटवाल्याचा घसा बसला बिचाऱ्याचा!’ असं म्हणत मी रडत होते, आणि मास्तर मला डोळे पुसायला अस्तराचा तुकडा देत होते, तोही चांगला, नवा, रेशमी. त्यावरूनही मी ओरडले.

मग मी म्हटलं, ‘चला. सांगू तिला.’

‘नको. लग्न आहे तिचं. बापाचा हात बघून रडायची वेळ आहे का ती?’

‘आणि बापच आला नाही तर हसणार आहे ती?’

‘बघू,’ मास्तर म्हणाले. त्यांच्या ‘बघू’ ची किंमतही मला माहीत आहे. काडीची नाही.

मी एकदा फोन उचलला होता, बारकीला सगळं सांगून टाकावं म्हणून. पण ठेवला. हात त्यांचा, सांगायचं त्यांनी. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर फिरायला गेले आणि मी खाली उतरलेच नाही. वर बसून निवांत दोन कप चहा प्यायले. साडेनऊला दुकान उघडलं, मखमलीचे गृहस्थ आले, आणि टेबलावर कापडावर त्या वाकड्या रेघा तशाच. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी मशीनवरून उठले, गिऱ्हाइकासमोर उभी राहिले, ब्रश घेतला आणि सगळ्या रेघा झटकल्या. मास्तरांचा चेहरा उतरला. मी खडू घेतला, वहीतलं माप मोठ्यानं वाचत वाचत नव्या रेघा मारल्या, आणि कापड त्यांच्याकडे सरकवलं.

‘कापा.’

मास्तरांनी कात्री उचलली आणि कापलं. एका दमात, खांद्यापासून खालपर्यंत, नेहमीसारखं. मला तो आवाज फार आवडतो. मग आम्ही दोघांनी चोरट्या नजरेनं गिऱ्हाइकाकडे पाहिलं. ते गृहस्थ आरशासमोर उभे राहून पोट आत घेऊन बघत होते. पुढून बघून झालं, मग बाजूनं. आमच्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

ते गेल्यावर मास्तर कितीतरी वेळ हसत होते. ‘अगं, वर्षभर आपण चोरासारखे वागलो, आणि खडूकडे बघतंय कोण? माणूस आरशात बघतो!’

‘तेच म्हणते मी.’

‘तू कुठं म्हणालीस? तू नुसती झटकत सुटलीस.’

त्या दिवशी आणखी दोन गिऱ्हाइकं झाली, त्यांच्यासमोरही मी रेघ मारली, त्यांनी कापलं. दुकान बंद करताना मास्तर म्हणाले, ‘पोरगी मात्र आरशात बघणार नाही. ती हाताकडेच बघेल.’ आणि थोड्या वेळानं म्हणाले, ‘बघू दे.’ मग त्यांनी कात्रीला तेल दिलं, तिला फ्लॅनेलमध्ये गुंडाळलं आणि स्वतः बॅगेत ठेवली. बाकीची बॅग अर्थात मीच भरली.

विमानतळावर कळलं की कात्री हातातल्या बॅगेत चालत नाही, मोठ्या बॅगेत घालून विमानाच्या पोटात टाकावी लागते. एवढ्या वर्षांत कात्री आणि मास्तर इतके लांब कधी राहिले नव्हते. उड्डाणाची भीती कसली वाटतेय, पहिले दोन तास त्यांना कात्रीचीच काळजी. मग समोरच्या पडद्यावर विमानाची वाट दिसायला लागली, ती वर बर्फाकडे वाकत चाललेली, आणि मास्तरांना शेजारी बसलेला एक माणूस मिळाला. त्या बिचाऱ्यानं झोपायची सगळी तयारी केली होती. डोळ्यांवर पट्टीसुद्धा लावली होती. त्याला टक्स समजावून सांगितले. वारा समजावून सांगायला मखमल नव्हती, म्हणून माझ्या शालीवर हात फिरवायला लावला. मी खिडकीतून खाली बघत बसले. आठ हजार तीनशे किलोमीटर म्हणजे एवढं पाणी, एवढे डोंगर, आणि या सगळ्याच्या पलीकडं माझी पोर एकटी राहते, हे मला तोवर खरंच कळलं नव्हतं. कागदावरच्या आकड्यात ते दिसत नाही.

चाकं टेकली तेव्हा मास्तरांनी घड्याळ बघितलं. ‘अकरा तास तीन मिनिटं. बारा मिनिटं आधी!’ ते म्हणाले. ‘यांना माप म्हणून काही नाहीच.’ पण सुरात राग नव्हता.

बारकीनं आम्हाला दोघांना एकदमच मिठीत घेतलं. जावई उंच, लाजरा, कोपरापर्यंत पीठ लागल्यासारखा गोरा. मास्तरांनी नमस्काराऐवजी त्याला पाठमोरा फिरवला आणि खांदे बघितले. ‘डावा जरा खाली आहे. पोती उचलतोस वाटतं?’ जावयानं मान डोलावली. दोघांची गट्टी तिथंच जमली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातलं टेबल रिकामं केलं. जावई मध्ये उभा राहिला. मी वही घेऊन बसले. बारकी दारात चहाचा कप घेऊन उभी. मास्तरांनी खिशातून टेप काढला, जावयाच्या खांद्यावर एक टोक ठेवलं, दुसरं मनगटाकडे नेलं. टेप हलत होता. मास्तरांनी आकडा सांगितला. मग स्वतःच थांबले, पुन्हा धरला, आणि दुसराच आकडा आला. जावई पुतळ्यासारखा उभा, श्वाससुद्धा बेतानं घेत होता. बारकीनं कप खाली ठेवला.

मी तोंड उघडणार होते. विषय बदलायला माझ्याकडे शंभर गोष्टी तयार होत्या. पण मास्तर वळले आणि हात पुढं धरला, सरळ, तिच्यासमोर.

‘थरथरतो,’ ते म्हणाले. ‘वर्ष झालं. तुला सांगायची लाज वाटत होती.’

बारकीनं हात हातात घेतला. खडू धरायला लावला, मग काढून घेतला. बोटं एकेक हलवून बघितली, मनगट वळवून बघितलं, चालायला लावलं, दोन प्रश्न विचारले, अगदी तिच्या हॉस्पिटलात असल्यासारखी. मग जाऊन कात्री आणली आणि त्यांच्या हातात ठेवली. हात स्थिर झाला.

‘हलकं काही धरलं की थरथरतो, जड धरलं की थांबतो,’ ती म्हणाली. ‘बऱ्याच जणांना होतं असं, बाबा. इथं डॉक्टरांना दाखवू, त्यावर गोळ्या असतात, व्यायाम मी सांगेन. घाबरण्यासारखं मला तरी काही दिसत नाही.’ इथपर्यंत ती हॉस्पिटलातली होती. मग एकदम आमची झाली आणि रडायला लागली. ‘वर्षभर! मी रोज परक्या लोकांचे हात धरते, आणि तुम्ही फोनवर खिशात हात घालून बसता!’

‘अगं, पण कोट होईल ना,’ मास्तर घाईघाईनं म्हणाले. ‘रेघ तुझी आई मारते. वर्षभर तीच मारते.’

‘म्हणजे तूही?’ बारकी माझ्याकडे वळली. आता माझी पाळी होती. मला जे ऐकावं लागलं ते मी इथं सांगत बसत नाही, पण पोरगी बोलण्यात माझ्यावरच गेलीय.

मग टेप बारकीनं धरला. तिला कधी या कामाची आवड नव्हती, पण टेप कुठं धरायचा हे ती रांगत होती तेव्हापासून बघत आलेली. मास्तर सांगत होते, ती धरत होती, मी लिहीत होते. कापड टेबलावर पसरलं. मी रेघा मारल्या, सगळ्यांच्या देखत, जाड ठिपक्यांसकट. मास्तरांनी कापलं. सहा दिवसांत कोट तयार झाला. त्यातले दोन तर जावयाच्या पोटात पाव किती मावतात याचा अंदाज घेण्यात गेले, कारण तो रोज बेकरीतून काहीतरी आणायचा आणि स्वतःच खायचा.

लग्न एका छोट्या हॉलमध्ये झालं. सही, टाळ्या, मग जेवण आणि जावयानं स्वतः केलेला चार मजली केक. मास्तर बारकीच्या शेजारी उभे होते, दोन्ही हात खिशाबाहेर. मी समोरून बघत होते, आणि मला जे बघायचं होतं ते मी पोटभर बघितलं. डावा खांदा खाली आहे असं त्या कोटात जन्मात कोणाला ओळखू आलं नसतं.

तेवढ्यात बारकीच्या हॉस्पिटलातल्या मोठ्या बाई, पांढऱ्या केसांच्या, जावयाच्या बाहीवर हात ठेवून म्हणाल्या, ‘केवढा सुंदर बसलाय हा कोट! कोणी केला?’

हा प्रश्न आमच्या दुकानात रोज कोणीतरी विचारतं. मास्तर टेबलामागून मान वर करतात आणि म्हणतात, ‘मी कापलाय.’ मी मशीनवर असते, आवाजात मला धड ऐकूही येत नाही. एकतीस वर्षं हेच उत्तर आहे आणि त्याचं मला कधी काही वाटलंही नाही, किंवा वाटलं असेल तर मी ते शिलाईत घालून वरून इस्त्री फिरवली असेल.

मास्तरांनी त्या बाईंकडे बघितलं आणि मग गर्दीतून मला शोधलं.

‘आम्ही दोघांनी,’ ते म्हणाले.

एवढ्या लोकांत रडायचं नाही असं मी घरून ठरवून निघाले होते, म्हणून मी पुढं झाले आणि त्या बाईंना नीट सांगितलं, ‘आणि कॉलर माझी एकटीची आहे.’